दुकान दुसऱ्याचं, माफी आपली? (मिनियापोलिस, लॉस एंजेलिस आणि लुटालुटीचं समर्थन)

सरळरेष

दुसऱ्या एका धाग्यावर जॉर्ज फ्लॉइडचा विषय निघाला आणि तिथे एका सदस्याने लिहिलं, "दुकानं परत बांधता येतात, माणूस परत येत नाही." खाली पटापट सहमतीचे +१ पडले. वाक्य खोटं नाहीच. पण +१ देणाऱ्यांपैकी एकाचंही दुकान मिनियापोलिसच्या लुटल्या-जळालेल्या लेक स्ट्रीटवर नव्हतं, हे मला खटकलं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २५ मे २०२०, मिनियापोलिस. वीस डॉलरची नोट खोटी असल्याच्या संशयावरून दुकानातून पोलिसांना फोन गेला आणि पुढे डेरेक शॉव्हिन या पोलिसाचा गुडघा नऊ मिनिटांहून जास्त वेळ फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर राहिला. त्यात तो मेला. पोलिसांनी काढलेल्या पहिल्या पत्रकात 'पोलिसांशी गाठ पडलेली असताना वैद्यकीय घटनेनंतर मृत्यू' एवढ्यावर सगळं उरकलं होतं. एका सतरा वर्षांच्या मुलीने मोबाइलवर चित्रण केलं नसतं तर फाइल तिथेच बंद झाली असती. २६ तारखेला चार पोलीस बडतर्फ झाले. २७ला लेक स्ट्रीटवरचं टार्गेट हे मोठं साखळी दुकान लुटलं गेलं, गाड्यांच्या सुट्या भागांचं ऑटोझोन जळालं, कमी भाड्याची १८९ घरं असलेली अर्धवट बांधलेली इमारत राख झाली. २८च्या रात्री थर्ड प्रिसिंक्टचं पोलीस ठाणं पेटलं. २९ला शॉव्हिनला अटक.

पुढच्या काही दिवसांत मिनियापोलिस-सेंट पॉल मिळून सुमारे १,५०० मालमत्तांचं नुकसान झालं, अंदाजे ५० कोटी डॉलरचं.

आता माझा मुद्दा. ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर 'गांधी महाल' नावाचं रेस्तराँ होतं. मालक बांगलादेशातून आलेला. अश्रुधूर आणि रबरी गोळ्यांनी जखमी झालेल्या आंदोलकांसाठी त्याने स्वतःचं रेस्तराँ उघडं ठेवलं होतं, तिथे मलमपट्टी चालायची. तेही जळालं. त्याच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं की बाबा फोनवर कुणाला तरी सांगत होते, माझी इमारत जळाली तर जळू दे, न्याय झाला पाहिजे. ती पोस्ट जगभर फिरली. आणि लुटालुटीचं समर्थन करणारा प्रत्येक जण तेव्हापासून ती ढालीसारखी पुढे करतो.

माझं म्हणणं असं की हे बोलायचा हक्क त्या माणसाचा होता, कारण किंमत त्याने मोजली. शेजारच्या दुकानदाराच्या वतीने त्यालाही तसं बोलता आलं नसतं. मग आपण, इथे खुर्चीत बसून, कुणाच्या वतीने माफ करतोय? पोलिसांविरुद्धचा राग शंभर टक्के खरा. त्यासाठी रस्ते अडवा, ठाण्याला घेराव घाला, शहर बंद पाडा, माझी काही हरकत नाही. पण तिसऱ्याच माणसाचा गल्ला फोडणं मला कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय वाटत नाही. ज्यांना वाटतं त्यांनी सांगावं, नेमकं कोणत्या?

---

खोडरबर

खुर्ची टाकून बसलोय. संपादकांनी पाण्याचा बंब तयार ठेवावा.

---

उल्का_

सरळरेष, तुमच्या लेखात माणूस मेला त्यावर चार ओळी आणि दुकानांवर तीन परिच्छेद. तुम्ही मुद्दाम केलं असं म्हणत नाही, पण अमेरिकन टीव्हीवर तेव्हा हेच चाललं होतं. त्या उन्हाळ्यातली ९० टक्क्यांहून जास्त आंदोलनं पूर्ण शांततेत झाली आणि पडद्यावर मात्र सतत त्याच दोन-तीन जळक्या इमारती.

'नेमकं कोणत्या परिस्थितीत' विचारलंत ना? मग आधी लूट कोणती मोजायची ते ठरवा. मिसूरीतलं फर्ग्युसन घ्या. ऑगस्ट २०१४मध्ये मायकल ब्राउन या काळ्या तरुणाला पोलिसाने गोळी घातली, दुसऱ्या रात्री तिथलं क्विकट्रिप लुटून जाळलं. सगळ्या जगाने ते पेट्रोल पंपावरचं दुकान बघितलं. मार्च २०१५मध्ये केंद्रीय न्याय खात्याचा अहवाल आला तो किती जणांनी बघितला? एकवीस हजार वस्तीचं गाव, आणि त्याच्या कोर्टाची सोळा हजारांहून जास्त लोकांवर पकड वॉरंटं निघालेली! गुन्हे काय, तर चुकीचं पार्किंग, वाढलेलं गवत, रस्त्याच्या मधून चालणं. दंड भरता आला नाही की दंडावर दंड, मग वॉरंट, मग कोठडी. दंडातून किती महसूल आणायचा याचं उद्दिष्ट नगरपालिका पोलिसांना देत होती आणि त्याच्या ईमेल अहवालात छापल्या आहेत. ही वर्षानुवर्षं चाललेली, पावती देऊन केलेली लूट. क्विकट्रिप एका रात्रीत गेलं, आणि समर्थन मागितलं जातंय ते फक्त त्या रात्रीचं.

आणि तारखा तुम्हीच दिल्यात. २८ला ठाणं जळालं, २९ला अटक. आधीचे तीन दिवस कायदा कुठे होता?

---

मिनेसोटाकर

मी सेंट पॉलच्या बाजूच्या उपनगरात राहतो. लेक स्ट्रीटवर त्या आठवड्यात झाडू घेऊन गेलेल्या शेकडो लोकांपैकी एक, एवढीच माझी पात्रता.

बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे टार्गेट असतं. टार्गेटचं मुख्यालयच मिनियापोलिसला, त्यांनी काही महिन्यांत तेच दुकान नव्याने उभं केलं. पण लेक स्ट्रीट म्हणजे टार्गेट नव्हे. मेक्सिकन बेकऱ्या, सोमाली लोकांची कापडाची आणि पैसे पाठवायची दुकानं, टॅक्स भरून देणारे, केस कापणारे. मूळनिवासी मुलांना पत्रकारिता आणि व्हिडिओचं काम शिकवणाऱ्या 'मिगिझी' संस्थेची इमारत गेली. टपाल कचेऱ्या गेल्या, त्यामुळे म्हाताऱ्यांच्या औषधांची पार्सलं अडकली. जवळपासची किराणा आणि औषधांची दुकानं एकदम बंद, बस बंद, आणि गाडी नसलेली माणसं तिथेच जास्त.

मला सगळ्यात लक्षात राहिलेत ते प्लायवुडवरचे फलक. दुकानदारांनी खिडक्यांना फळ्या ठोकून त्यावर रंगाने लिहिलेलं: 'मालक काळा आहे', 'अल्पसंख्याकांचं दुकान', 'वर मुलं राहतात'. एका फळीवर घाईत ओघळलेला स्प्रेचा रंग, आणि 'मुलं' हा शब्द दोनदा गिरवलेला. शेजाऱ्यांच्या रागापासून वाचायला माणसं स्वतःची जात-जमात दारावर लिहीत होती. हे बघितल्यावर 'भांडवलशाहीवर हल्ला' वगैरे वाक्यं गळ्याखाली उतरत नाहीत.

पण उल्कातै, तुमच्याशी एका गोष्टीत सहमत. तिथे काच झाडणाऱ्या एकाही माणसाने माझ्यासमोर आंदोलकांना शिव्या घातल्या नाहीत. शिव्या होत्या त्या पोलिसांना. ठाण्याभोवती फळी धरून उभे राहिले, अश्रुधूर सोडत बसले, आणि दोन चौक पलीकडे दुकानं पेटत होती तिकडे कुणी फिरकलं नाही.

---

तळ्यातमळ्यात

@उल्का_, अटक जाळपोळीमुळे झाली हे मात्र सिद्ध करता येत नाही हं. बडतर्फी २६लाच झाली होती, म्हणजे एकही दुकान फुटायच्या आधी. चित्रण बाहेर आल्यावर चोवीस तासांत. अटकही त्या चित्रणामुळे झालीच असती असं मी म्हणू शकतो, आणि तुम्ही ते खोटं पाडू शकत नाही. उलटही खरं.

'नंतर झालं म्हणजे त्यामुळे झालं' याचं गाजलेलं उदाहरण १९६८चं. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, शंभराहून जास्त शहरं पेटली, आणि ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घरं विकताना-भाड्याने देताना भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. दंगलीचे समर्थक हे नेहमी सांगतात. पण सेनेटने ते विधेयक खुनाच्या आधीच, मार्चमध्ये मंजूर केलं होतं. प्रतिनिधीगृहात अडलेलं होतं ते सुटलं, हे खरं. मजा अशी की त्याच कायद्यात दंगल भडकवण्यासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणं हा केंद्रीय गुन्हा ठरवणारी तरतूदही घुसवलेली होती. म्हणजे एकाच कागदावर घर आणि हातकडी.

यावर अभ्यास झालेत. ओमर वासो या राज्यशास्त्रज्ञाने साठच्या दशकातली आंदोलनं तपासली. त्यांची युक्ती मला फार आवडली: किंग यांच्या खुनानंतरच्या दिवसांत जिथे पाऊस पडला तिथे लोक कमी बाहेर पडले, हिंसाही कमी. मग पाऊस पडलेले आणि कोरडे राहिलेले भाग ताडून बघितले. निष्कर्ष असा की हिंसक आंदोलनांमुळे १९६८च्या निवडणुकीत १.५ ते ७.९ टक्के गोरे मतदार रिपब्लिकनांकडे सरकले, आणि निक्सन यांच्या विजयाला तेवढं पुरलं. अहिंसक आंदोलनांचा परिणाम उलट दिशेचा. हा लेख छापून आला तोच मे २०२०मध्ये!

आता दुसरी बाजू. लॉस एंजेलिसच्या १९९२च्या दंगलीनंतर तिथल्याच मतदारांनी सरकारी शाळांवर खर्च करायला आधीपेक्षा जास्त पाठिंबा दिला, असं दुसऱ्या एका गटाने मतपेट्यांच्या आकड्यांवरून दाखवलंय. जवळून बघणारा घाबरतोच असं नाही, कधी त्याला कारणही दिसतं. टीव्हीवरून बघणारा घाबरतो.

म्हणून 'फायदा होतो का' या मार्गाने गेलात तर हात रिकामे. दोन्ही बाजूंना पुरावा मिळेल.

---

अण्णा_कॅलिफोर्निया

मी १९९२ साली लॉस एंजेलिसमध्ये नोकरीला होतो. तरुण मंडळी २०२०पासून सुरुवात करतात, म्हणून थोडं मागचं.

मार्च १९९१मध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला चार पोलिसांनी लाठ्यांनी तुडवलं, त्याचंही चित्रण होतं. लोक म्हणाले, आता तरी पुरावा आहे. २९ एप्रिल १९९२ला सिमी व्हॅलीच्या ज्युरीने पोलिसांना सोडलं आणि शहर पेटलं. साठाहून जास्त माणसं गेली. हे सगळ्यांना माहीत असतं.

मधली गोष्ट सांगत नाहीत. रॉडनी किंगच्या मारहाणीनंतर तेराव्या दिवशी लटाशा हार्लिन्स नावाच्या पंधरा वर्षांच्या काळ्या मुलीला एका कोरियन दुकानदारीणबाईने पाठमोरी गोळी घातली. वाद संत्र्याच्या रसाच्या १ डॉलर ७९ सेंटच्या बाटलीचा. मुलीच्या हातात पैसे होते. ज्युरीने बाईंना दोषी ठरवलं, पण न्यायाधीशांनी तुरुंगवास दिलाच नाही. प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा, ५०० डॉलर दंड. काळ्या वस्त्यांमध्ये हा निकाल रॉडनी किंगइतकाच घुसला होता.

म्हणून जेव्हा कोरियाटाउन आणि दक्षिणेकडची कोरियन दुकानं फुटली तेव्हा 'तिसऱ्याच माणसाचा गल्ला' असं फोडणाऱ्यांना वाटत नव्हतं. सरळरेष, तुमच्या सिद्धांतात इथे भोक आहे. त्यांच्या लेखी तो दुकानदार तिसरा नव्हताच, तो आरोपीच होता. समूहाला आरोपी ठरवलं की कुठलाही गल्ला फोडता येतो. सुमारे २,३०० कोरियन दुकानांचं नुकसान झालं आणि त्यातल्या किती जणांनी त्या मुलीचं नावही ऐकलं नसेल. ते आजही त्या दिवसांना नुसतं 'सा-इ-गु' म्हणतात, चार-दोन-नऊ, म्हणजे २९ एप्रिल.

आणि गंमत म्हणा की दैवदुर्विलास, अटक झालेल्यांत जवळपास निम्मे लॅटिनो होते. रॉडनी किंगच्या निकालाशी ज्यांचा थेट संबंध नाही असे. डायपरची खोकी घेऊन धावणाऱ्या बायका मी स्वतः पाहिल्या. त्यांना आंदोलक म्हणू नका आणि दरोडेखोरही म्हणू नका. दुकान उघडं होतं, पोलीस नव्हते, घरात लेकरू होतं.

पोलीस का नव्हते? पहिला दगड पडला त्या फ्लॉरेन्स-नॉर्मंडी चौकातून त्यांनी काढता पाय घेतला. आणि पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स साहेब त्या संध्याकाळी ब्रेंटवुडला एका निधी जमवायच्या कार्यक्रमात होते. निधी कशासाठी, तर पोलिसप्रमुखावर लगाम घालणाऱ्या सुधारणेला विरोध करायला! जूनमध्ये मतदारांनी ती सुधारणा मंजूर केली.

---

खोडरबर

अण्णा, तो निधीचा तपशील पहिल्यांदाच कळला. कादंबरीत लिहिला असता तर 'फारच ओढूनताणून' म्हणून संपादकाने काढून टाकला असता.

---

विमावाला

'विमा असतोच ना' हे वाक्य अजून कसं आलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. येण्याआधीच लिहितो. मी अमेरिकेत मालमत्तेच्या क्लेमचं काम करतो.

अमेरिकेत साधारण व्यावसायिक पॉलिसीत दंगल आणि नागरी अशांतता धरलेली असते, वेगळी घ्यावी लागत नाही. २०२०च्या त्या उन्हाळ्यात विमा कंपन्यांवर १०० ते २०० कोटी डॉलरचा बोजा पडल्याचा अंदाज होता, अमेरिकेतल्या दंगलींतला सर्वांत मोठा. त्याआधीचा विक्रम १९९२च्या लॉस एंजेलिसचा, तेव्हाचे ७७.५ कोटी. हा झाला वरचा आकडा. टार्गेटसारख्याला यातून काही फरक पडत नाही.

खालून बघा. भाड्याच्या गाळ्यात धंदा करणाऱ्याकडे इमारतीचा विमा नसतो, तो घरमालकाचा. याच्याकडे माल आणि यंत्रं यांचा, तोही हप्ता परवडावा म्हणून कमी रकमेचा काढलेला. अनेकांनी 'आजची किंमत' देणारी पॉलिसी घेतलेली असते, म्हणजे दहा वर्षं वापरलेल्या ओव्हनचे दहा वर्षं वापरलेल्या ओव्हनइतकेच पैसे. नवा ओव्हन त्यात येत नाही. रोखीत आणलेल्या मालाच्या पावत्या दुकानातच होत्या, त्या जळाल्या. मी अशा क्लेमवर काम केलंय जिथे नुकसान डोळ्यांना दिसत होतं आणि कागद एकही नव्हता. बाई म्हणाल्या, "फ्रीजमध्ये काय होतं ते मला पाठ आहे, लिहून घ्या." घेतलं लिहून. मंजूर किती झालं असेल याची कल्पना करा.

मिनियापोलिसमध्ये आणखी एक प्रकार झाला, तो तिथल्या वर्तमानपत्रात छापून आला. राडारोडा उचलायला पॉलिसीत बहुधा २५ ते ५० हजार डॉलरची मर्यादा, आणि पाडकामाचे कंत्राटदार सांगत होते दोन-तीन लाख. त्यात पाडायचा परवाना हवा तर वर्षाच्या उरलेल्या सहामाहीचा मालमत्ता कर आगाऊ भरा, हा शहराचा नियम! जळालेल्या दुकानाचा कर. ओरड झाल्यावर तो बाजूला ठेवला.

सारांश काढत नाही, पण 'विम्याने भागतं' म्हणणाऱ्याने एक क्लेम फॉर्म भरून दाखवावा.

---

उल्का_

अण्णा आणि विमावाला, प्रतिसाद आवडले. आकडे मला नाकारायचे नाहीत. पण धाग्यावर सगळे जण हिशोब दुकानाचा करताय. काळ्या माणसाच्या घरचा हिशोब कोण करणार?

बॉल्टिमोर, २०१५. फ्रेडी ग्रे पोलिसांच्या गाडीत चढला तो जिवंत, मणका मोडून बाहेर आला आणि आठवड्याने गेला. सहा पोलिसांवर खटले, एकही दोषी ठरला नाही. औषधांचं सीव्हीएस लुटलं गेलं ते मात्र पुढच्याच वर्षी नवंकोरं उघडलं. व्यवस्था काय भरून काढते आणि काय नाही हे यातून स्वच्छ दिसतं. ज्याला हे लहानपणापासून दिसतंय त्याला 'शांतपणे निवेदन द्या' सांगणं क्रूर आहे. निवेदनं देऊन झालेली असतात. दंगलींची चौकशी करणाऱ्या केर्नर आयोगाने १९६८मध्येच लिहिलं होतं की देशाचे दोन समाज होत चाललेत, एक काळा, एक गोरा, वेगळे आणि विषम. सरकारी आयोग होता तो, कुणी आगलावे नव्हते.

आणि ज्या देशाचा जन्मच दुसऱ्याचा माल समुद्रात फेकून झाला, त्याने मालमत्तेच्या पावित्र्यावर व्याख्यान देऊ नये. बॉस्टन, १७७३. चहाच्या ३४२ पेट्या.

---

सरळरेष

@उल्का_, बॉस्टनचं उदाहरण काढलंत ते बरं केलंत, कारण ते माझ्या बाजूचं आहे.

त्या रात्री जहाजांवर चढलेल्या लोकांनी चहा बुडवला, घरी नेला नाही. एकाने अंगरख्याच्या अस्तरात चहा भरून घेतला होता. त्याच्याच सोबत्यांनी त्याला पकडून झोडपलं. फुटलेलं एक कुलूप जहाजाच्या कप्तानाचं खासगी होतं असं कळल्यावर नवीन पाठवून दिलं. माल कोणाचा, तर ज्या ईस्ट इंडिया कंपनीशी आणि करांशी भांडण होतं तिचाच. निशाणा ठरलेला आणि खिसे रिकामे. हे मालमत्तेचं नुकसान आहे, पण लूट नाही. बेकायदा असेल, मला समर्थनीय वाटतं.

याच मापाने थर्ड प्रिसिंक्ट मोजा. ठाणं जाळलं ते मला 'गांधी महाल' जाळण्यापेक्षा वेगळं वाटतं, हे मी इथे उघड लिहितो. जीवितहानी झाली असती तर सरळ गुन्हाच म्हटलं असतं. पण निदान ज्यांच्याशी भांडण त्यांचीच इमारत होती. समोरच्या दारूच्या दुकानाचं काय पाप होतं?

अण्णांचं भोक मान्य आहे, ते बुजवता येत नाही. राग आला की कोण तिसरा आणि कोण आरोपी हे रागच ठरवतो. पण म्हणूनच तर मी हा निवाडा गर्दीवर सोडायला तयार नाही.

---

मिनेसोटाकर

ठाण्याचं समर्थन करताय तर एक भर. त्या भिंतींना लागून राहणाऱ्यांना ठिणग्या, धूर आणि गॅसच्या स्फोटाची धास्ती होतीच. आग निशाणा ओळखत नाही. शेजारी रात्रभर बागेच्या नळीने छपरं भिजवत बसले होते.

---

तळ्यातमळ्यात

मार्टिन ल्यूथर किंग यांचं 'दंगल ही ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांची भाषा' हे वाक्य अजून कुणी टाकलं नाही, आश्चर्य आहे. टाकणार असाल तर त्याच्या आसपासचंही वाचा. ते दंगल व्यर्थ आणि स्वतःवरच उलटणारी मानायचे आणि त्याच दमात, ती ज्या परिस्थितीतून जन्मते तिचा तितकाच धिक्कार केला पाहिजे असंही म्हणायचे. दोन्ही बाजू आपापला अर्धा कापून नेतात.

आणि मेम्फिसचं विसरू नका. २८ मार्च १९६८, सफाई कामगारांच्या संपासाठी ते स्वतः मोर्च्याच्या पुढे होते. मागे काचा फुटल्या, दुकानं लुटली गेली, पोलिसांनी सोळा वर्षांच्या एका मुलाला गोळी घातली. किंग यांना मोर्च्यातून बाहेर काढावं लागलं. वर्तमानपत्रांनी त्यांनाच धारेवर धरलं. शांततेत मोर्चा निघू शकतो हे दाखवायलाच ते पुन्हा मेम्फिसला आले आणि तिथेच त्यांचा खून झाला. लुटालुटीची किंमत आंदोलनाला काय पडते ते त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल असं वाटत नाही.

---

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद उडवले आहेत. विशिष्ट वंशाच्या लोकांबद्दल सरसकट विधानं इथे चालणार नाहीत. ज्यांचे प्रतिसाद उडाले त्यांना कारण व्यक्तिगत निरोपातून कळवलं आहे. चर्चा चालू द्या.

---

विमावाला

धागा भरकटायच्या आत एक ठोस प्रकरण ठेवतो. तत्त्वावर सगळे शूर असतात, आकडा सांगायची वेळ आली की कळतं.

लेक स्ट्रीटवर वस्तू गहाण ठेवून पैसे देणारं एक दुकान होतं. २८ मेच्या रात्री एका पंचविशीच्या तरुणाने त्यात पेट्रोलसारखं काहीतरी ओतून आग लावली. चित्रण आहे. जवळपास दोन महिन्यांनी ढिगाऱ्यात तीस वर्षांच्या एका माणसाचा मृतदेह सापडला. आग लावणाऱ्याला तो आत आहे हे माहीत नव्हतं असं सरकारी बाजूनेही धरलं. नियमावलीप्रमाणे शिक्षा वीस वर्षांच्या आसपास होत होती. आता ऐका: सरकारी वकिलांनीच कमी शिक्षा मागितली, बारा वर्षं. आणि कोर्टात दिलेल्या निवेदनात किंग यांचं तेच 'ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांची भाषा' उद्धृत केलं. म्हणणं असं, की हा माणूस लुटायला आला नव्हता, रागाने आला होता. जानेवारी २०२२मध्ये न्यायाधीशांनी दहा वर्षं दिली.

सगळ्यांना प्रश्न: तुम्ही किती दिली असती?

---

अण्णा_कॅलिफोर्निया

वीस. आत माणूस आहे का हे बघणं आग लावणाऱ्याचं काम.

---

उल्का_

दहा. कदाचित कमी. शॉव्हिनला साडेबावीस मिळाली. वर्दीत, भर दिवसा, लोक 'अरे सोड त्याला' ओरडत असताना त्याने जे केलं त्याच्या जवळपास या मुलाला नेऊन बसवायचं? त्याने माणूस बघितलाही नव्हता. समोर पडलेला माणूस शॉव्हिनला दिसत होता.

---

सरळरेष

मी बारा म्हणालो असतो, सरकारी वकिलांइतकेच. पण निवेदनातलं ते वाक्य मला नको होतं. किंग यांना त्या खटल्यात साक्षीला बोलावलं, आणि ढिगाऱ्यात सापडलेल्या माणसाच्या घरच्यांना ते ऐकून घ्यावं लागलं. त्यांना कुणी विचारलं होतं का?

---

उल्का_

शिक्षा सुनावण्याआधी घरच्यांना बोलायची संधी असतेच, त्यामुळे विचारलं नाही असं नाही. आणि तुमच्याच नियमाने बघितलं तर माफ करायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं, मग आपण चौघं इथे आकडे कसले टाकतोय?

---

खोडरबर

हा प्रश्न धाग्याच्या पहिल्या परिच्छेदालाच लागू होतो. सरळरेष, उत्तर द्या, मी खुर्ची हलवलेली नाही.

---

सरळरेष

देतो. शिक्षा देणं आणि माफ करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षा समाज देतो, त्यात तुम्ही, मी, ज्युरी, सगळे येतात आणि आकडा टाकायचा हक्क सगळ्यांना आहे. माफी फक्त ज्याचं गेलं त्याची. 'गांधी महाल'च्या मालकाने माफ केलं म्हणून आग लावणाऱ्यावरचा खटला मागे घेतला असता तर मला ते चाललं नसतं. आणि खटला चालू आहे म्हणून मालकाने राग धरावा, हेही मी त्याला सांगणार नाही. +१ देणाऱ्यांनी माफी दिली, तीही दुसऱ्याच्या खात्यातून. माझा आक्षेप तेवढाच होता आणि आहे.

---

उल्का_

या मांडणीशी बरीचशी सहमत. फर्ग्युसनच्या सोळा हजार वॉरंटांबद्दल कुणाला काय शिक्षा झाली यावर नवा धागा काढते, तिथे या. तिथेही आकडा सांगावा लागेल.